प्रश्न क्रमांक बावीस

“स्फोटकं आहेत का?” मी विचारलं.

“किती लागतील?” सुभेदार इंगवल्यांनी विचारलं.

मी कागदावरून मान वर केली. सुभेदारांचा चेहरा अगदी प्रसन्न होता. पाहुण्याला चहात साखर किती घालू असं विचारणाऱ्या यजमानाचा असतो तसा.

“मला नकोत,” मी म्हणालो. “प्रश्न तसा छापलाय. क्रमांक आठ. संस्थेच्या अथवा सभासदांच्या ताब्यात स्फोटक द्रव्ये आहेत काय?”

“आहेत की. विहिरीच्या सुरुंगाच्या कांड्या. हवालदार सकट, किती?”

भिंतीपाशी बसलेले हवालदार सकट ताडकन उभे राहिले आणि टाचा जुळवून म्हणाले, “एकोणतीस, साहेब! पर काल रोकड्यांच्या विहिरीला एक लावली. अठ्ठावीस!”

“अठ्ठावीस लिहा,” सुभेदार मला म्हणाले. “सरकारी कागदावर आकडा चुकायला नको.”

आकड्याची जागा फॉर्मवर नव्हतीच. ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच दोन चौकोन होते. मी ‘होय’वर खूण केली. आठ प्रश्नांतला हा सातवा ‘होय’. तिसऱ्या प्रश्नाला तेवढं ‘नाही’ मिळालं होतं, कारण तिथे संस्थेचं मुख्यालय परदेशात आहे काय असं विचारलं होतं, आणि धारपिंपळकरांच्या मते सातारासुद्धा जरा लांबच होतं.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सरकारी नोकरीत मला आठ महिने झाले होते. परदेशातून येणारी मदत कुठे जाते आणि तिचं पुढे काय होतं यावर नजर ठेवण्याचं काम आमच्या कचेरीकडे होतं. त्याच सुमारास कायदा कडक झाला होता. परदेशी मदत कोणत्याही सशस्त्र गटाच्या हाती पडता कामा नये, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हती. कुठेतरी ब्लँकेटांच्या गठ्ठ्यातून बंदुका निघाल्या होत्या म्हणे, आणि असल्या बातमीनंतर कायदा हा करावाच लागतो. पण कायदा करणारे वेगळे आणि त्याचा फॉर्म तयार करणारे वेगळे. हा फॉर्म ज्यानं तयार केला त्यानं सशस्त्र माणूस कधी पाहिला नसावा, आणि त्याला माणसं खोटं बोलतात यावर गाढ विश्वास असावा. बावीस प्रश्न. पाचांपेक्षा जास्त ‘होय’ आले की संस्था संशयास्पद, आणि मदत आल्या वाटेनं परत.

आता संशयास्पद माणूस अशा फॉर्मवर बावीस वेळा ‘नाही’ लिहून मोकळा होतो. अडचण येते ती खऱ्या माणसाची. आणि धारपिंपळमध्ये तर अख्खं गाव खरं बोलायचं, तेही खड्या आवाजात.

साताऱ्याकडचं, घाटापलीकडचं हे गाव सैनिकांचं. घरटी एक माणूस पलटणीत. दोनच घरं अशी होती की जिथलं कुणी सैन्यात नव्हतं, आणि त्यांच्याविषयी लोक आवाज खाली आणून बोलत. निवृत्त होऊन परतलेल्या एकवीस जणांनी मिळून तिथे एक संस्था काढली होती: ‘धारपिंपळ माजी सैनिक प्रसूतिगृह’. हसू नका. चार खाटा होत्या आणि चारी खाटांच्या चादरींचे कोपरे पंचेचाळीस अंशात मुडपलेले होते. आदल्या दिवशी जन्मलेल्या बाळांची वजनं रोज सकाळी चावडीपुढे दैनंदिन आदेशात वाचून दाखवली जात. सुरुवातीला बाळंतिणींना पहाटे सहाला बिगुल वाजवून उठवत असत. तो सिस्टर हौसाबाई भिसे यांनी बंद पाडला. कसा पाडला हे मला कुणी सांगितलं नाही, पण बिगुलवाल्यांचा पुढचा दात पडलेला मी पाहिला.

या संस्थेला इटलीतल्या एका डोंगरातल्या गावानं रुग्णवाहिका पाठवली होती. सोबत पत्र होतं: ‘१९४४ सालच्या हिवाळ्यात तुमच्या गावच्या ज्या जवानानं आम्हाला जगवलं, त्याची आठवण म्हणून.’ जवानाचं नाव पत्रात नव्हतं, पण गावाला शंका नव्हती. इटलीच्या लढाईत पदक मिळवणारा धारपिंपळचा माणूस एकच: सुभेदारांचे वडील, कैलासवासी जमादार भिवाजी इंगवले. ‘जमादार भिवाजीराव स्मृती रुग्णवाहिका’ असा फलक रंगवून तयार होता आणि मी बसलो होतो त्या खोलीतच भिंतीला टेकवून ठेवला होता.

रुग्णवाहिका मात्र मुंबईच्या गोदीत उभी होती. महिनाअखेरपर्यंत माझा दाखला गेला नाही तर त्याच कंपनीच्या बोटीनं ती परत जाणार होती. आज सव्वीस तारीख होती.

“प्रश्न नऊ,” मी म्हणालो. “सभासदांपैकी कुणी शस्त्र चालवण्याचं शिक्षण घेतलं आहे काय?” आणि लगेच जोडलं, “हे बघा सुभेदार, सरकारला यातून काय म्हणायचं असतं, तर म्हणजे असं... चोरून वगैरे. तुमचं तसं काही...”

“चोरून कशाला? बेळगावात घेतलं. राजरोस. सगळ्यांनी. सिस्टर आणि स्वयंपाकी सोडून.”

“मला का म्हून सोडता?” दारातून आवाज आला. सिस्टर हौसाबाई हातात उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, कमरेला पदर खोचलेला. “परवाच्या साली गावाबाहेर रायफल कुणी धरली होती? पाचातल्या चार गोळ्या कुणाच्या लागल्या?”

“लागल्या,” सुभेदारांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. “सिस्टरसुद्धा लिहा.”

“हौसाबाई,” मी कळवळून म्हणालो, “तुम्ही तरी ‘नाही’ म्हणायला हरकत नव्हती.”

“खोटं?” त्या म्हणाल्या. “आणि ह्या एकवीस जणांच्या पुढं? वरीसभर ऐकून घ्यावं लागंल मला.”

पुढचा तासभर मी एका भल्या संस्थेला स्वतःच्या हातानं बुडवत होतो. सभासद गणवेश वापरतात काय? वापरतात, इस्त्री करून. गटामध्ये हुद्दे आहेत काय? हुद्दे नसतील तर पाणी कोण आणणार? तरुणांना शारीरिक प्रशिक्षण दिलं जातं काय? रोज पहाटे, भरतीसाठी, खांद्यावर ओंडका घेऊन. कोणी वैध कागदपत्रांशिवाय दुसऱ्या देशाची सरहद्द ओलांडली आहे काय?

“सात जणांनी,” सुभेदार म्हणाले. “एकाहत्तरला.”

“पासपोर्ट होता का?”

सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मनातल्या मनात माझ्या शाळेच्या सगळ्या मास्तरांची माफी मागितली.

“साहेब, रणगाड्याला तिकीट तपासनीस नसतो,” ते म्हणाले.

नाईक रोकडे म्हणून एक शांत गृहस्थ कोपऱ्यात बसले होते. ‘कोणास बंदी करून ठेवले आहे काय’ या प्रश्नावर ते हळूच म्हणाले, “चौघांना ठेवलं होतं मी. एकाला हिवताप होता. त्याला माझी चादर दिली, ती त्यानं परत केली नाही. तेही लिहू शकाल का?”

एकविसाव्या प्रश्नाअखेर अठरा ‘होय’ झाले. त्याआधी आमच्या कचेरीत जास्तीत जास्त सहा आले होते, आणि ते ज्यांना आले ते गृहस्थ पुढे पोलिसांनाही हवे होते. इतकं कमी होतं म्हणून की काय, सुभेदारांनी एक पुरवणी जोडायला दिली. त्यात एकवीस जणांनी कोणकोणत्या लढाईत काय काय केलं त्याची सुवाच्य यादी होती. वर मथळा होता, ‘सरकारच्या माहितीसाठी, अभिमानपूर्वक.’

“जेवण तयार हाय,” म्हणत एक म्हातारा आत डोकावला. खरमाटे धोंडिबा. वय पासष्टच्या पुढे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हाताला राख. प्रसूतिगृहाचा स्वयंपाकी. बाळंतिणींची पेज, खिचडी, अळिवाची खीर सगळं त्याच्याकडे. संस्थेच्या यादीत तो शेवटचा सभासद होता, सिस्टरच्याही खाली. पलटणीत तो लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी, आणि सैनिकांच्या गावात लांगऱ्याला जो मान असतो तो त्याला होता. म्हणजे हाक मारली की तो यायचा.

मी जेवलो नाही. शेजारच्या खोलीत पोस्ट होतं, तिथून पुण्याला ट्रंक कॉल लावला. अर्ध्या तासानं आमचे मिराशीसाहेब फोनवर आले.

“किती?” त्यांनी विचारलं.

“अठरा, साहेब.”

खरखरीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“तू सुखरूप आहेस ना?” मिराशीसाहेबांनी खालच्या आवाजात विचारलं. “बोलता येत नसेल तर नुसतं खाकर.”

“साहेब, ते निवृत्त सैनिक आहेत. आपल्याच सैन्यातले.”

“फॉर्मवर तसा चौकोन आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर. संशयास्पद. निघून ये.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “बाविसावा विचारलास? तो मुख्य. त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तपासणी अधिकाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर शिफारस करता येते. मात्र तोही ‘होय’ निघाला तर मग मी काही करू शकत नाही आणि मंत्रीही नाहीत.”

मी परत येताना सिस्टरनी मला ओसरीत अडवलं.

“मिळंल का वो गाडी?”

“बघतो.”

“बघू नका. सांगा.” त्यांनी हातातलं फडकं पिळलं. “पल्याडच्या धनगरवाडीची पोर हुती, गेल्या साली. एकोणीस वर्षांची. बाज उचलून घाटानं नेत हुतो तालुक्याला. तिसऱ्या वळणावर माणसं खांदा बदलायला थांबली, आणि मग घाई करायचं कारणच राहिलं न्हाई. बाजेचा पुढचा खूर ह्या सुभेदारानं धरला हुता. तवापासनं ह्यो माणूस रोज इटलीच्या पत्राची वाट बघतोय. तुमच्या फारमात ह्यासाठी एखादा चौकोन हाय का?”

नव्हता.

आत गेलो तर सगळे जेवून पुन्हा ओळीत बसले होते. धोंडिबा रिकामी ताटं गोळा करत होता. मी मुद्दाम उभा राहिलो आणि शक्य तितक्या सावकाश म्हणालो, “आता शेवटचा प्रश्न. सगळ्यांत महत्त्वाचा. याचं उत्तर ‘नाही’ आलं तर मी गाडीची शिफारस करू शकतो. नीट ऐका. संस्थेच्या कोणत्याही सभासदानं, कधीही, कोठेही, परदेशातून आलेली मदत कोणत्याही सशस्त्र टोळीस पोचवली आहे काय?”

“नाही!” एकवीस आवाज एकदम उठले. पलीकडच्या खोलीत एक बाळ रडायला लागलं.

मला इतका आनंद झाला की पेन हातातून निसटलं. ते उचलून मी ‘नाही’च्या चौकोनापाशी नेलं.

“साहेब,” धोंडिबा म्हणाला, “थांबा. व्हय लिहा.”

ताटांची चळत तशीच छातीशी धरून तो उभा होता.

“धोंड्या, तुला कुणी विचारलं?” सुभेदार म्हणाले.

“फारमानं विचारलं. कोणत्याही सभासदानं म्हणले. मी सभासद हाय. तेविसाव्या नंबरला.”

“तू कुठल्या टोळीला मदत पोचवलीस रे?” हवालदार सकट हसत म्हणाले. “बाळंतिणींच्या?”

“इटलीत,” धोंडिबा म्हणाला.

मग त्यानं ताटं खाली ठेवली, कारण हातवारे केल्याशिवाय त्याला सांगता येत नव्हतं. चव्वेचाळीस सालचा हिवाळा. पलटण डोंगराखाली अडकलेली. वर, बर्फात, त्याच देशाची माणसं जर्मनांशी लपूनछपून लढत होती. जुन्या बंदुका, फाटके कोट. त्यांची बायकापोरं खालच्या गावात उपाशी.

“एक पोरगी यायची, डबा घेऊन. मुकाट उभी राहायची. पयल्या दिवशी एक वगराळं भरून दिलं. दुसऱ्या दिवशी चार पोरं आली. मग बाया. मग त्यांचे बाप आले डोंगरातनं, बंदुका घेऊन. बंदुका चुलीला टेकवून ठेवल्या आणि जेवाय बसले. आता जेवाय बसलेल्या माणसाला काय विचारायचं, तू कुठल्या टोळीतला?”

“काय द्यायचास?” मी विचारलं.

“मसुराची आमटी. आपल्याकडनं बोटीनं आलेली डाळ. त्यांच्या बाजूनं बघितलं तर परदेशातनंच आली की, साहेब. माझं नाव त्यांच्या तोंडात बसंना. सारखे विचारायचे, तू कोण, तू कोण. मी सांगायचो, धारपिंपळ. त्यांना वाटलं, आमटीचं नाव असंल. मग पोरं डबा पुढं करून म्हणायची, धारपिंपळ, धारपिंपळ.”

सुभेदारांची नजर भिंतीला टेकलेल्या फलकाकडे गेली आणि तिथून चटकन माघारी आली.

“हे चाळीस वर्षं का नाही बोललास?” त्यांनी विचारलं.

“सापडलो की. पलटणीचा शिधा चोरला म्हणून अठ्ठावीस दिवस कोठडी झाली. घरी कळवलं, हगवण लागलीया, दवाखान्यात हाय. सैनिकाच्या गावात चोर म्हणून फिरण्यापरास हगवण बरी.”

“धोंडिबा,” सिस्टर पुढे आल्या, “तुमी गप बसा. साहेब, म्हातारा भ्रमिष्ट हाय. ‘न्हाई’ लिहा.”

“भ्रमिष्ट कसा? रोज मिठाचा अंदाज बरोबर येतो माझा,” धोंडिबा म्हणाला. आणि मग मला, जरा ओशाळून, “ह्या सगळ्यांनी सकाळपासनं खरं सांगितलं, साहेब. सिस्टरनीबी. मी एकट्यानंच खोटं सांगू? उद्या ह्यांच्या पंगतीला वाढू कसा?”

“कागद आहे का काही?” मी विचारलं. हे मी का विचारलं मला आजही ठाऊक नाही. सरकारी नोकरीत आठ महिने काढलेला माणूस दुःखाच्या प्रसंगी कागदच मागतो.

धोंडिबा आत गेला आणि मसाल्याच्या डब्यांमागून हळदीनं पिवळा झालेला एक कागद घेऊन आला. इंग्रजीत टाइप केलेला. त्याला तो वाचता येत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला वाचायला देण्याची सोय नव्हती. मी वाचला. लांगरी धोंडिबा खरमाटे, बिनलढाऊ, शस्त्रशिक्षण नाही. स्थानिक सशस्त्र टोळीतील इसमांस व त्यांच्या कुटुंबीयांस विनापरवाना शिधा दिला. चौकशी पूर्ण. अठ्ठावीस दिवस कैद भोगून झाली. प्रकरण बंद. खाली एका गोऱ्या मेजराची सही आणि जांभळा शिक्का.

मी तो कागद दोनदा वाचला. मग फॉर्म उलटा केला. त्याच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात सूचना होत्या. राज्यभरात त्या सूचना वाचणारा मी पहिलाच असेन, कारण त्यांत पान अर्ध्यावर संपून पुन्हा पहिल्यापासून छापलेलं होतं आणि तोवर कुणी तक्रार केलेली नव्हती. सूचना क्रमांक नऊ: संस्था अपात्र ठरल्यास, वस्तुरूप मदत संस्थेचा प्रमुख असलेल्या एका पात्र व्यक्तीच्या ताब्यात देता येईल. पात्र व्यक्ती म्हणजे जिला शस्त्रशिक्षण नाही, आणि प्रश्न बावीसचं उत्तर ‘होय’ असल्यास, ज्या प्रकरणाची सक्षम अधिकाऱ्यानं चौकशी करून ते बंद केलं आहे.

“सुभेदार,” मी म्हणालो, “तुमच्या सगळ्या संस्थेत कायद्याला चालेल असा एकच माणूस आहे.”

मी वाचून दाखवलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही. आदेश समजून घेण्यातच त्यांची तीस वर्षं गेली होती.

“म्हणजे धोंड्या अध्यक्ष.”

“हो.”

“आणि मी?”

“तुम्ही सभासद. त्यांच्या हाताखाली.”

“आणि गाडी आली ती ह्याच्यामुळं. वडलांमुळं नाही.”

सुभेदार उठले, खिडकीपाशी गेले, आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ती पाठ अजून संचलनातलीच होती. हवालदार सकट छताकडे बघत होते. सिस्टरनी ओठ घट्ट मिटले होते, आणि त्यांचे ओठ मिटलेले मी त्या दिवसात प्रथमच पाहिले.

“आमचे वडील त्याच कंपनीत होते,” सुभेदार खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मरेपर्यंत एक गोष्ट सांगायचे. म्हणायचे, गोळ्या खाल्ल्या, बर्फ खाल्लं, कशाचं काही वाटलं नाही. पण त्या हिवाळ्यात लांगऱ्यानं जी आमटी घातली, तिच्यात डाळ शोधायला दुर्बीण लागायची.” ते वळले. “धोंडिबा.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ‘धोंड्या’चा ‘धोंडिबा’ झाला.

“जी.”

“ती डाळ तू कुठनं काढत होतास? जादा शिधा होता?”

“न्हाई जी. मापातलाच. तुमच्याच वडलांच्या कंपनीचा. मी पाणी वाढवायचो.”

“किती दिवस?”

“दोन महिने. रोज.”

सुभेदारांनी हिशेब केला. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. भुवया कूच करणाऱ्या पलटणीसारख्या पाऊल पाऊल पुढे सरकत होत्या.

“म्हणजे ती पोरं जगली,” ते सावकाश म्हणाले, “ती आमच्या वडलांच्या ताटातल्या डाळीवर.”

“व्हय की!” धोंडिबा म्हणाला. “लय शिव्या दिल्या त्यांनी मला. पर रोज जेवले.”

“उपास काढले म्हणायचे त्यांनी. त्या पोरांसाठी.”

“त्यांना ठावं न्हवतं—”

“ते असू दे,” सुभेदार घाईनं म्हणाले. त्यांनी छाती पुढे काढली आणि खोलीकडे तोंड केलं. “ठराव लिहून घ्या. अध्यक्ष, धोंडिबा रामजी खरमाटे. सूचक, सुभेदार इंगवले. विरोध कुणाचा?”

असल्या आवाजात विचारल्यावर विरोध कुणाचा असणार? सिस्टर हौसाबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, “माझा हाय. अध्यक्ष झाला म्हणून उद्या पेज कोण करणार?”

“मीच,” अध्यक्ष घाबरून म्हणाले.

मी पुन्हा ट्रंक कॉल लावला.

“साहेब, बाविसाव्याचं उत्तर ‘होय’ आलं.”

“अरे देवा.”

“पण प्रकरण बंद आहे. मेजरची सही आहे. शिक्का आहे.”

मिराशीसाहेबांनी विचारलं, “शिक्का गोल की चौकोनी?”

“गोल.”

“मग काय तर!” साहेब म्हणाले. “सगळ्यांना असे कागद सांभाळता आले तर देशाचं किती भलं होईल. पाठव दाखला.”

दाखला एकोणतीस तारखेला मुंबईत पोचला. गाडी सुटली. नियमाप्रमाणे ताबा देताना तपासणी अधिकाऱ्यानं जातीनं हजर राहायला हवं, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा धारपिंपळला गेलो.

पांढरी गाडी चावडीपुढे उभी होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळे घाटभर ती चालवत आणणारे नाईक रोकडे अजून थोडे तिरके चालत होते. समोर एकवीस माणसं तीन ओळींत, गणवेशात, पदकं लावून. मी ताब्याचा कागद वाचला आणि किल्ली धोंडिबाच्या हातात दिली. तो थेट चुलीवरून आला होता. कुणीतरी त्याच्या डोक्याचा टॉवेल काढून फेटा बांधला होता, पण हाताची राख तशीच होती.

“प-रे-ड!” सुभेदारांचा आवाज घाटावर आदळून परत आला. “सावधान! अध्यक्षसाहेबांना... सलामी द्या!”

एकवीस हात एकदम कपाळाला गेले.

आता, सलामी घ्यायची कशी हे लांगऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं. पलटण सलामी देत असते तेव्हा तो कांदा चिरत असतो. धोंडिबानं आधी मागे वळून पाहिलं, कुणी मोठा साहेब आलाय का ते. कुणी नव्हतं. त्यानं उजवा हात वर न्यायला घेतला, त्यात किल्ली होती. डावा न्यायला घेतला, तो बरोबर वाटेना. आणि समोरची माणसं तर हात खाली करेनात, कारण ज्याला सलामी दिली त्यानं ती स्वीकारल्याखेरीज हात खाली येत नाही. सुभेदारांचा हात सगळ्यांत ताठ होता. त्यांच्या गालावरून घामाचा थेंब ओघळत होता. निदान मी तरी तो घामाचाच धरला.

धोंडिबानं त्या तीन ओळींवरून एकदा डोळे फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसं वाढपी पंगतीवरून फिरवतो.

“जेवलात का सगळे?” त्यानं विचारलं.

हात कपाळालाच होते.

“नाही, साहेब!” एकवीस माजी सैनिक खऱ्या, खड्या आवाजात म्हणाले.

“मग हात खाली करा,” अध्यक्ष म्हणाले, “आणि पाट मांडा.”